अजून नसलेला चेहरा

पडद्यावर भूमिकाचे दोन चेहरे शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यांतला एक या जगात कुठेच नव्हता.

डावा चेहरा खरा. दीड वर्षापूर्वी ती पहिल्यांदा जळगावच्या या दवाखान्यात आली, त्या दिवशी टिपलेला. खालचा जबडा पुढे निघालेला, वरचा ओठ त्याच्या आडोशाला गेल्यासारखा, आणि डोळ्यांत, आपल्याकडे पाहिले जाते आहे हे फार लहानपणीच कळलेल्या माणसाची सावधता. उजवा चेहरा संगणकाने रचलेला. शस्त्रक्रियेत खालचा जबडा मागे नेला तर हनुवटी कुठे येईल, ओठ कसे मिटतील, गालाखालची सावली कुठवर उतरेल, याचा तो अंदाज. डॉ. ज्योत्स्नाने तो तेव्हा स्वतः काढला होता, आणि त्याच्या भरवशावर भूमिकाच्या दातांवरच्या तारा महिन्यामागून महिने घट्ट केल्या होत्या. जबड्याची शस्त्रक्रिया करायची तर आधी दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. ते काम आता संपले होते. पुढच्या सोमवारी धुळ्याला शस्त्रक्रिया होती.

आणि आज आलेला नवा स्कॅन वेगळेच सांगत होता.

इतकी वर्षे भूमिकाचे दात तिच्या जबड्यांचे भांडण मिटवत आले होते. वरचे पुढे झुकून, खालचे आत कलून, घरातली लाज झाकणाऱ्या समजूतदार माणसांसारखे. तारांनी त्यांना सरळ केले, तशी ती झाकपाक संपली आणि दोन जबड्यांमधले खरे अंतर उघडे पडले. ते अंदाजापेक्षा बरेच अधिक होते. चित्रातला चेहरा हवा तर खालचा जबडा ठरवल्याहून कितीतरी मागे न्यावा लागणार होता. जबडा मागे गेला की जीभ मागे जाणार, आणि जिभेच्या मागे श्वासाची वाट. पडद्यावर ती वाट निळ्या रंगात दिसत होती. मे महिन्यात गिरणा नदीच्या पात्रात उरते तेवढीच धार. त्या धारेत आणखी एक दगड ढकलायचा का, एवढाच प्रश्न होता.

दुसरा मार्ग होता. खालचा जबडा थोडाच मागे न्यायचा आणि वरचा पुढे आणायचा. श्वासाला जागा राहिली असती. मात्र वरचे हाड पुढे आले की नाकाचा पाया किंचित पसरतो, शेंडा वर उचलला जातो, वरचा ओठ भरतो. तो चेहरा बिघडलेला नसता. पण तो पडद्यावरचा चेहराही नसता.

ज्योत्स्नाने भूमिकाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सावद्याहून बापलेक आले. भाईदासनानांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, धुवून धुवून कापडाचेच झालेले. मुलीला पुढे बसवून ते भिंतीशी उभे राहिले.

"तारीख तं पुढे नाही ना ढकलत, डॉक्टरबाई?"

"तारीख तीच आहे, नाना. प्लॅन बदलावा असं मला वाटतं."

ज्योत्स्नाने निळी वाट दाखवली. जीभ, जबडा, मागची भिंत, सगळे बोटाने दाखवले. भूमिका पडद्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे मी झोपेत दचकून उठते, गुदमरल्यासारखी, ते यामुळे?"

"बहुतेक. जबडा एवढा मागे नेला तर ते वाढेल."

"आई म्हणते मी घोरते. मला वाटायचं, लग्नाच्या काळजीनं तिलाच झोप येत नाही, म्हणून माझं घोरणं ऐकत बसते."

ती हसली. तारा चमकल्या. भाईदास हसले नाहीत.

"आन् चेहरा?"

"चेहरा चांगलाच होईल. पण त्या चित्रासारखा होणार नाही."

"कसा नाही होनार? तुम्हीच दाखोला होता ना आमाले? मले तोच पाह्यजे. धुळ्याच्या पाहुण्यायले तोच पाठोला हाये."

भूमिका खुर्चीतच वळली.

"नाना, काय पाठवलं?"

भाईदासांनी खिशातून फोन काढला. त्यात संकोच नव्हता, उलट केलेले काम दाखवण्याची किंचित ऐट होती. दीड वर्षापूर्वी पडद्यावरचा उजवा चेहरा त्यांनी फोनमध्ये टिपून घेतला होता. खाली लहान अक्षरांत 'अंदाजित' लिहिलेले होते. ती पट्टी नीट कापलेली होती.

"खालची अक्षरं कायले ठेवायची? त्यायले काय समजनार त्यातलं?"

"मी तुम्हाला कॉलेजच्या संमेलनातला फोटो दिला होता."

"तो दिल्ता मी आधी तीन घरी. कोनी उलटून फोन तरी केला?" मग ते ज्योत्स्नाकडे वळले. "यात लबाडी काय हाये, तुम्हीच सांगा. आमच्या बागेत व्यापारी येते. घड कसा राह्यते? हिरवागार. व्यापारी हिरव्याचा भाव देते का? तो पाह्यते, पिकल्यावर हा कसा दिसीन, आन् त्याचा भाव देते. झाडही तेच, घडही तोच. मी पोरीचा पिकलेला फोटो पाठोला. दुसरं काय केलं?"

ज्योत्स्नाला हसू येऊ पाहत होते आणि येत नव्हते. या माणसाला आपण खोटे बोललो असे वाटतच नव्हते, आणि भीती वाटावी असे तेच होते. त्याच्या बागेत अंदाजावर माल ठरतो, गाड्या भरतात, दिल्लीपर्यंत जातात. अंदाज चुकला तर तो शेतकऱ्याच्या नावाला डाग. तिने त्या दिवशी 'हा फक्त अंदाज आहे' असे एकदा सांगितले होते, आणि मग त्या दोघांबरोबर बसून ते चित्र कितीतरी वेळ कौतुकाने पाहिले होते. बापाने कोणती गोष्ट लक्षात ठेवावी?

"म्हणूनच," भूमिका म्हणाली.

"काय?"

"किरण फोनवर मला चिडवतो. म्हणतो, फोटोत एवढी गंभीर का, हसायला जीएसटी लागतो का? मी विचार करायचे, संमेलनातल्या फोटोत तर मी बत्तीशी दाखवतेय. हा आंधळा आहे की काय."

किरण म्हणजे धुळ्याचा मुलगा. नरडाण्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. दोघे महिनाभर फोनवर बोलत होते. प्रत्यक्ष भेट शस्त्रक्रियेनंतर, 'दातांचं किरकोळ काम' उरकल्यावर, ठरली होती. त्याने पाहिलेला चेहरा मिटल्या ओठांवरून रचलेला होता. हसताना तो कसा होईल, हे संगणकाला कोणी शिकवलेच नव्हते.

"मॅडम, दुसऱ्या प्लॅनचं चित्र काढता येईल?"

"येईल."

"किती खरं असेल?"

ज्योत्स्नाचा हात माउसवर होता. एक क्लिक, आणि आणखी एक स्त्री पडद्यावर येऊन उभी राहिली असती. "हाडं मी सांगेन तिथे बसतील, थोड्याफार फरकानं. ओठ माझं ऐकतीलच असं नाही. नाकाचं तर आणखी कठीण. हा संगणक ज्यांच्या चेहऱ्यांवरून शिकला, त्यांत सावद्याचं कोणी नसावं."

"मग नको. एका नसलेल्या बाईशी माझी बरोबरी चालली आहे, तीच पुष्कळ झाली."

भाईदास पुढे आले. त्यांचा आवाज चढला नव्हता, जड झाला होता. "पयल्याच मापानं करा, डॉक्टरबाई. शब्द गेला हाये माझा. सावद्यात कोनालेही इचारा, भाईदासनं दाखोला तसा माल निघाला नाही, असं कधी झालं का?"

"मी माल नाही, नाना."

"तसं कोन म्हनलं?"

"आत्ता तुम्हीच."

भाईदास पुन्हा भिंतीशी जाऊन उभे राहिले. भूमिकाने ज्योत्स्नाला एवढेच सांगितले, "मला रविवारपर्यंत वेळ द्या."

त्या आठवड्यात ज्योत्स्नाने दोन स्प्लिंट बनवल्या. स्प्लिंट म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिकची चंद्रकोरीसारखी पट्टी. दातांत बसवली की मोकळा केलेला जबडा कुठे थांबवायचा, हे ती सर्जनला सांगते. एक पट्टी चित्रातल्या चेहऱ्याची, दुसरी श्वासाची. उजेडात धरल्या तर दोन्ही सारख्याच दिसत. फरक होता तो दातांच्या ठशांच्या खोलीत, बोटालाच कळेल एवढा. ज्योत्स्ना त्या पुन्हा पुन्हा हातात घेई. एका माणसाचे पुढचे सगळे आरसे या दोन तुकड्यांपैकी एकात होते. तिला स्वतःच ठरवून टाकता आले असते. डॉक्टर म्हणून तिचे मत पक्के होते आणि ते तिने सांगितलेही होते. पण चेहरा तिचा नव्हता, लग्न तिचे नव्हते, आणि ज्या चित्राने हे सगळे मांडले ते मात्र तिचे होते.

रविवारी ती धुळ्याला पोहोचली तेव्हा पारोळ्यापासूनच्या रस्त्यावरची उष्ण लू तिच्या गळ्यात साचली होती. सर्जन डॉ. योगेंद्र रुग्णालयाच्या जिन्यातच भेटले. तिच्या हातातली डबी उघडून त्यांनी आत पाहिले.

"हे काय?"

"पेशंटनं अजून ठरवलेलं नाही, सर."

"दोन पट्ट्या घेऊन ऑपरेशन होत नाही, मॅडम. माझं मत तुम्हाला माहीत आहे, श्वासाचीच. पण तिला स्वतःला पहिलीच हवी असेल तर तेही आत्ता कळू द्या, मग ऑपरेशन करायचं की नाही ते मला ठरवावं लागेल. संध्याकाळच्या आत मला एक द्या." आणि ते दोन दोन पायऱ्या चढत निघून गेले.

खोलीत भूमिका पलंगाच्या कडेला बसली होती. भाईदास खिडकीशी. आणि दाराजवळच्या दोन खुर्च्यांत किरण आणि त्याचे वडील शालिग्राम. भूमिकाने त्यांना स्वतः फोन करून बोलावले होते. शालिग्राम हातातल्या फोनकडे पाहत होते, मग भूमिकाकडे, मग पुन्हा फोनकडे, बँकेत सही जुळवून पाहणाऱ्या माणसासारखे.

"हाई ती पोर नही शे," ते शेवटी म्हणाले.

"तीच हाये, आबा," भाईदास घाईने म्हणाले. "पिकायची बाकी हाये फक्त. उद्या आपरेशन झालं का..."

"माणूस काय केळं शे का, भाऊ? आमले बठ्ठं खोटं दखाडं तुम्हीन!"

सगळेच खोटे दाखवले, हे ऐकून भाईदासांच्या तोंडावर काहीतरी मिटल्यासारखे झाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचा माल परत करत होते, आणि तोही चारचौघांत.

किरणने अजून भूमिकाकडे सरळ पाहिले नव्हते. त्याने ज्योत्स्नाला विचारले, "डॉक्टर तुम्हीच ना? ऑपरेशननंतर ही या फोटोसारखीच होणार ना?"

उत्तर भूमिकाने दिले. वडीलधाऱ्यांसमोर ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती, आणि त्या शब्दाने महिनाभराची सगळी फोनवरची सलगी एका पावलात मागे सरली. "होऊ शकते, तुम्ही म्हणता तशी. पण मग झोपेत माझा श्वास अडकायची भीती आहे. नाहीतर वेगळी होईन. कशी, ते मॅडमनाही सांगता येत नाही."

"मग मी काय ठरवायचं?"

"तुम्ही काही ठरवायचं नाही. मी तुम्हाला सांगायला बोलावलं, विचारायला नाही."

किरणने तेव्हा मान वर केली. बराच वेळ तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात दया नव्हती, पसंती नव्हती. फोनवरचा एक आवाज आणि समोरचा हा जबडा यांची जागा जुळवू पाहणारा माणूस जसा पाहील, तसे.

"ऊठ रे किरण. चाल," शालिग्राम म्हणाले.

तो उठला. दारापाशी क्षणभर थांबला, आणि गेला.

जिन्यावरची पावले विरेपर्यंत भूमिका हलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, दुसरी पट्टी."

"थांब." भाईदास खिडकीपासून सुटले. "आता तं ते गेले ना? मंग आता कायची घाई? पयलीच होऊ दे, पोरी. चित्रावानी झाली तं असे दहा येतील. आयुष्य काढायचं हाये चेहऱ्यावर."

"आयुष्य श्वासावर काढतात, नाना. रात्री आई माझ्या नाकाशी हात धरून बसते. तुम्ही कधी पाहिलंत?"

त्यांनी पाहिले नव्हते. शेताला वीज रात्रीच येई. ते बागेत असत, पाण्याच्या मागे. केळीच्या पानांतून वारा कसा जातो ते त्यांना झोपेतही ओळखू आले असते. पोरीचा श्वास त्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांनी होकारही दिला नाही, आणि नकारही पुन्हा उच्चारला नाही.

ज्योत्स्नाने डबीतून चित्रातल्या चेहऱ्याची पट्टी उचलली. ठशांवरून अंगठा फिरवून खात्री केली. मग दोन्ही हातांनी ती मधोमध मोडली. आवाज लहानच झाला, पण भाईदासांनी डोळे मिटले. उद्या टेबलावर कोणाच्याही हातून अदलाबदल होऊ नये म्हणून तिने तसे केले. निदान मनाशी तिने कारण तेच दिले.

सोमवारी सकाळी भूमिकाला आत नेले. बाहेरच्या बाकावर ज्योत्स्ना आणि भाईदास बसून राहिले. दाराच्या काचेवर आतल्या माणसांच्या हिरव्या सावल्या येत आणि जात. आत या क्षणी हाड कापले जात असेल, वरचा जबडा सुटा होऊन पुढे सरकत असेल, पट्टीच्या ठशांत दात एकेक करून बसत असतील. तिथपर्यंत तिला दिसत होते. त्याच्या पुढे, जिथे हाडावर मांस बसते आणि मांसावर माणूस, तिथे तिला काहीही दिसत नव्हते. इतके चेहरे आगाऊ पाहिलेल्या तिला ही आंधळी जागा नवीन होती.

"डॉक्टरबाई, कशी दिसीन ती?"

"माहीत नाही, नाना."

"इतकं शिकूनही?"

"हो."

"अंदाज तरी?"

ती दाराच्या काचेकडे पाहू लागली. भाईदासांनी मान हलवली. बागेत नवख्या व्यापाऱ्याला भाव सांगता येत नाही तेव्हा जशी हलवत असतील, तशी. फक्त या वेळी तीत तुच्छता नव्हती.

दुपार कलल्यावर डॉ. योगेंद्र टोपी काढत बाहेर आले. "बसला जबडा. नळी काढली, श्वास व्यवस्थित घेतेय. सूज येणार, घाबरू नका." भाईदासांनी त्यांच्या पायाला हात लावण्यासाठी वाकायला सुरुवात केली, आणि डॉक्टर तेवढ्यात दुसऱ्या खोलीत शिरलेही.

सूज आली. दुसऱ्या दिवशी भूमिकाचा चेहरा कोणाचाच नव्हता. गाल डोळ्यांपर्यंत चढलेले, मानेवर निळे काळे डाग, जबडे रबरांनी बांधलेले. ती बोलू शकत नव्हती, रात्रभर बसून होती. नाक कोंदलेले, आणि प्रत्येक श्वास ती जणू उचलून आणत होती. ज्योत्स्ना जळगावला परतली ती अस्वस्थच, आणि तिसऱ्या दिवशी सकाळचे पेशंट उरकून पुन्हा धुळ्याला आली.

खोलीबाहेरच्या बाकापाशी किरण उभा होता. एकटाच. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हातात मोटारसायकलचे हेल्मेट. बाकावर भाईदास. दोघांत शब्द झाला असावा असे दिसत नव्हते.

"आबांना माहीत नाही मी आलोय," तो ज्योत्स्नाला म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मॅडम, आत जायच्या आधी सांगता का, कशी दिसते? फोटोनं एकदा फसवलंय मला. मनाची तयारी असलेली बरी."

शब्द तिच्या जिभेवर तयार होते. सूज किती, ती कधी उतरेल, नाक कसे बसेल, ओठ कसे. नातेवाइकांना सांगायची ती सगळी वाक्ये तिला पाठ होती. तिने ती गिळली.

"मी नाही सांगणार."

किरण गोंधळला. भाईदास बाकावरून उठले. आपल्या पोरीला पाहायला आलेल्या माणसासमोर ते दारात आडवे उभे राहिले, आणि म्हणाले, "थांबा. तिले इचारतो, भेटायचं का म्हनून."

ते आत गेले. दार लागले. किरण हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. आत काय चालले आहे ते कळत नव्हते. इतका वेळ लागला की ज्योत्स्नाच्या मनात काल पाहिलेला तो श्वास, कोंदलेले नाक, सगळे एकदम उभे राहिले, आणि ती दाराकडे एक पाऊल सरकली. तेवढ्यात दार हळूच उघडले. भाईदास उलट्या पावलांनी बाहेर आले आणि कडीचा आवाज होऊ नये म्हणून तिच्यावर दोन बोटे धरून त्यांनी दार ओढून घेतले.

"झोपली हाये," ते कुजबुजले.

"उठवता का जरा? मला शिफ्टला पोहोचायचंय."

"नाही." आवाज तसाच दबका होता, पण त्यात वाद घालायला जागा नव्हती. "लई दिसांनी अशी झोपली हाये. घोरतबी नाही. मी उभा राहून ऐकलं. बसायचं असीन तं बसा. उठली का इचारीन तिले."

किरणने जिन्याकडे पाहिले. खाली कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होते. त्याने हेल्मेट बाकाच्या टोकाला ठेवले, आणि भाईदासांपासून एक माणूस बसेल एवढी जागा सोडून तो खाली बसला.